सोडून दिलेला साप

(फोंड्यात झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

एरवी अशा सभांत मी सापांचा वकील म्हणून उभा राहतो. मारू नका, सर्पमित्राला बोलवा, धामण उंदीर खाते, हरणटोळ डोळे फोडत नाही, हे सगळं तुम्ही इतक्यांदा ऐकलं असेल की आता पाठच झालं असेल. आज मात्र मी काही सापांच्या विरोधात बोलणार आहे. तेही कसले, तर बहुतेक बिनविषारी, देखणे, बरेचसे शांत स्वभावाचे. त्यांचा दोष एवढाच की जिथे असायला नको तिथे ते आहेत, आणि तिथे त्यांना आपण नेलंय.

गोव्यात परक्या गोष्टींबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं. काजू ब्राझीलचा. मिरची, अननस, पपई, सगळं समुद्रापलीकडून आलेलं. काजू परका म्हणून उद्यापासून फेणी बंद, असं म्हटलं तर या सभागृहातून मला सुखरूप बाहेर जाता येणार नाही. तेव्हा परकं ते वाईट, असं माझं म्हणणं नाही. बाहेरून आलेल्या बहुतेक जाती एकतर तग धरत नाहीत, नाहीतर निमूटपणे राहतात. थोड्याच अशा निघतात की ज्या आपणहून वाढतात, पसरतात आणि तिथल्या मूळच्या जिवांना हुसकावतात. बाहेरून आलेलं रानमोडीचं झुडूप तुम्ही पाहिलंच आहे, रस्त्याच्या कडेला दुसरं काही उगवू देत नाही. आक्रमक म्हणायचं ते अशांना.

पण कोण आक्रमक ठरेल हे त्या जिवाकडे बघून सांगता येत नाही. पावसाच्या पहिल्या सरी आल्या की आपल्याकडे ‘जंपिंग चिकन’साठी, म्हणजे बेडकाच्या मांसासाठी, शेतात बत्त्या घेऊन बेडूक धरणारे निघतात. तो पिवळा मोठा बेडूक वाचावा म्हणून वनखात्याची माणसं रात्री गस्त घालतात, आणि ते योग्यच आहे. हाच बेडूक माणसांबरोबर अंदमानात पोचला. तिथे त्याची शेपटीवाली पिल्लं तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्लं खाऊन टाकतात. इथे तो जपायचा, तिथे आवरायचा.

आपला वाळा घ्या. कुंडी उचलली की खालच्या ओल्या मातीत गांडुळासारखा वळवळतो तो. तोही साप, आणि मूळचा आपल्याच बाजूचा, दक्षिण आशियातला. रोपांच्या मातीतून तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर पोचला. त्याच्यात नर नाहीतच. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निपजतात. म्हणजे कुंडीतून एक गेला तरी नवी वसाहत उभी राहते. वाळवी आणि मुंग्यांची अंडी खाणारा हा जीव फारसं नुकसान करताना दिसत नाही. पण कुंडीतल्या मातीतून साप जगभर जातो, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता गुआमकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण साप परक्या मुलखात काय करू शकतो याची एवढी पूर्ण कहाणी दुसरीकडे नाही.

गुआम हे प्रशांत महासागरातलं, अमेरिकेच्या ताब्यातलं बेट. गोव्यात तशी सहा-सात मावतील. दुसरं महायुद्ध संपल्यावर पापुआ न्यू गिनीकडच्या अ‍ॅडमिरल्टी बेटांवरून लष्करी सामान तिथे हलवलं गेलं, आणि त्या सामानात दडून तपकिरी वृक्षसर्प आला असं मानतात. आपल्या मांजऱ्या सापाचा हा चुलतभाऊ, दोघं बोइगा या एकाच गटातले. रात्री फिरणारा, झाडावर सहज चढणारा, मागच्या दातांत सौम्य विष असलेला. गुआमवर त्याआधी साप म्हणजे वाळ्याच्या कुळातला एक आंधळा, बारकासा साप, बस्स. रात्री फांदीवर चढून घरट्यापर्यंत येणारा शत्रू तिथल्या पक्ष्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. आपल्या बुलबुलाला, सातभाईला साप दिसला की ते कसा गलका करतात तुम्हाला माहीत आहे. गुआमच्या पाखरांना असा गलका करण्याची वेळच आलेली नव्हती.

१९६० नंतर बेटाच्या दक्षिण भागातली रानं मुकी होऊ लागली, आणि ही शांतता हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. कीटकनाशकांवर संशय घेतला गेला, रोगाची शंका आली. साप दिवसा दिसायचा नाही, म्हणून त्याच्यावर आळ यायलाही वेळ लागला. जूली सॅव्हिज या संशोधिकेने सगळे संशयित तपासले. पिंजऱ्यांत लावे ठेवून ते झाडांवर टांगले, तर साप ते गट्ट करू लागले. तिचा निबंध १९८७ साली प्रसिद्ध झाला. तोवर बराच उशीर झाला होता. गुआमच्या रानात मूळच्या १२ पक्षिजाती होत्या, त्यातल्या १० बेटावरून नाहीशा झाल्या.

तुम्ही विचाराल, खाणं संपलं की खाणाराही कमी व्हायला नको का? एरवी होतो. इथे झाला नाही, कारण पक्षी विरळ झाले तरी सरडे, पाली आणि उंदीर भरपूर होते. त्यांच्यावर साप पोसला जात राहिला आणि हाती लागलं तर उरलंसुरलं शेवटचं घरटंही संपवत राहिला. ऐन भरात एका हेक्टरात पन्नास ते शंभर साप होते असा अंदाज आहे. एखाद्या मध्यम कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, एवढे साप झाडांवर, असं डोळ्यांसमोर आणा.

पक्षी गेले म्हणजे फक्त पक्षी गेले असं होत नाही. कोळी खाणारं कोणी उरलं नाही, म्हणून शेजारच्या बेटांच्या मानाने गुआमच्या रानात कोळ्यांची जाळी कितीतरी पटींनी जास्त सापडली. फळं खाऊन बिया लांब टाकणारं कोणी उरलं नाही, म्हणून बिया आईच्याच सावलीत पडून कुजू लागल्या आणि काही झाडांची नवी रोपं उगवणं फार घटलं. आपल्याकडे चतुर्थीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना जी रानफळं शोधत हिंडतो, त्यातल्या कित्येकांची लागवड कोणी माणसाने केलेली नसते. ती धनेशाने, हरोळीने, वटवाघळाने केलेली असते. पाखरांचं नुकसान फांदीवरच थांबत नाही, ते असं.

शिवाय हे साप विजेच्या खांबांवर चढतात आणि सगळीकडे अंधार करतात. आपल्याकडे वीज जायला साप लागत नाही, ती गोष्ट वेगळी.

उपाय म्हणून काय काय केलं? पॅरासिटामॉल. आपण तापाला घेतो तीच गोळी. ८० मिलिग्रॅम एवढ्याशा मात्रेने हा साप मरतो, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. मेलेल्या उंदरांत ती गोळी घालून, त्यांना कागदी फिती बांधून हेलिकॉप्टरमधून रानावर सोडण्यात आलं. फिती अशासाठी, की उंदीर वर झाडांत अडकावा, जमिनीवर पडून दुसऱ्याच कुणी खाऊ नये. बेटावरून बाहेर जाणारा माल शिकवलेल्या कुत्र्यांकडून हुंगून घेतला जातो. इतकं करूनही साप संपलेला नाही. २०२० मध्ये गुआमच्या दक्षिण टोकापलीकडच्या कोकोस या छोट्या बेटावरही तो सापडला. आणि हे कोकोस बेट म्हणजे गुआमच्या पाणकोंबडीसारख्या एका पक्ष्याला, कोको म्हणतात त्याला, पुन्हा रानात सोडण्यासाठी निवडलेल्या जागांपैकी एक. पिंजऱ्यांत पैदास करून वाचवलेला हा पक्षी.

आता माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मला नेहमी म्हणतात, “अरे, ते बेट होतं. तिथे साप नव्हते म्हणून झालं. आपल्याकडे नाग आहे, मण्यार आहे, नागराज तर दुसरे सापच खातो. वर सर्पगरुड, खाली मुंगूस. परक्या सापाला इथे कोण जगू देणार?” मुद्दा चांगला आहे. म्हणूनच फ्लोरिडाचं उदाहरण सांगतो.

फ्लोरिडा हे बेट नाही. तिथे त्यांचे स्वतःचे साप भरपूर आहेत, विषारीसुद्धा, आणि दलदलीत मोठाल्या मगरी. तरीही ब्रह्मदेशी अजगर तिथे घट्ट बसला. पाळण्यासाठी आणलेला, सांभाळणं जड झालं म्हणून सोडलेला, निसटलेला. २००० सालापर्यंत त्याची तिथे पैदास होतेय हे मान्य झालं. २०१२ साली एव्हरग्लेड्स या तिथल्या दलदलीच्या प्रदेशातल्या रस्त्यांवरच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रॅकून ९९ टक्क्यांहून जास्त घटलेले दिसले, ऑपॉसम जवळपास तेवढेच, रानमांजरं सुमारे ८८ टक्के. म्हणजे शत्रूंची वाण नसलेल्या मुलखातही परका साप बसतो. त्याचं पिल्लू खाणारे पुष्कळ असतील, पण वाढलेल्या अजगराला हात घालणारे थोडे, आणि एक मादी एका वेळी चाळीस-पन्नास अंडी सहज घालते. त्यात तो दिसतच नाही. शंभर अजगर असतील अशा जागी हिंडलात तर एकही नजरेला पडेल की नाही शंका, इतका त्याचा रंग गवतात मिसळतो.

शेवटी २०१७ साली तिथल्या विद्यापीठाने तमिळनाडूतून दोन इरुळा माणसांना बोलावलं, मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या साप शोधणारी. महिन्याभरात त्यांनी पंचवीसहून जास्त अजगर काढून दिले. पुढे २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट सांगताना आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण अमेरिकेला साप शोधायला आपली माणसं न्यावी लागली, याच्या आधीचं प्रकरणही विसरू नका. तो अजगरही आशियातूनच नेलेला होता. आपल्या ईशान्येतही तो राहतो. मूळ मुलखात तो आज धोक्यात आलेल्या जातींत मोडतो.

फ्लोरिडातली आणखी एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. अजगर एकटा गेला नाही. त्याच्या फुप्फुसात राहणारा एक आशियाई परजीवी त्याच्याबरोबर गेला. तो झुरळ, बेडूक, पालींतून पुढे सरकतो आणि तिथल्या मूळच्या सापांच्या फुप्फुसात शिरतो. अजगराला त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तिथल्या छोट्या सापांना ती नाही, ते मरतात. आणि आता हा परजीवी अजगर जिथे पोचलेलाही नाही तिथल्या सापांतही सापडतो. तेव्हा तुमच्या घरातला साप पळाला आणि दोन दिवसांत परत सापडला, तरी त्या दोन दिवसांत त्याने काय मागे ठेवलं ते तुम्हाला कळणार नाही.

आता स्पेनच्या दोन बेटांकडे धावती नजर टाकू, कारण गोव्याशी जास्त जुळतात ती हीच.

ग्रान कनारिया. तिथे कॅलिफोर्नियाचा किंगस्नेक पाळीव म्हणून आला, सुटला आणि रुजला. तिथला मोठा सरडा जगात दुसरीकडे कुठेही मूळचा नाही. साप पसरला त्या भागात हे सरडे नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. दुसरं बेट इबिझा. पर्यटन, पार्ट्या, बंगले, तुम्हाला कल्पना आली असेल. बंगल्यांच्या बागांत शोभेला म्हणून मुख्य भूमीवरून जुनी, पोकळ खोडांची ऑलिव्हची झाडं आणली गेली. त्या पोकळ्यांतून साप आणि त्यांची अंडी आली. २००३ पासून साप दिसू लागले आणि त्या बेटाची ओळख असलेला रंगीत सरडा आज बेटाच्या मोठ्या भागातून दिसेनासा झालाय.

आसगाव, शिवोली, मोयरा या बाजूला गेलात तर बघा. बंगला बांधून व्हायच्या आत वाढलेली झाडं ट्रकने येतात, मुळांशी मणभर मातीचा गोळा गोणपाटात बांधलेला. त्या गोळ्यात काय आहे, कोण बघतं? परराज्यातल्या रोपवाटिकेतून निघून आपल्याकडे रात्री उतरवलं जाणारं झाड, त्याची माती कोणी चाळत नाही. मुरगाव बंदर आहे, आता मोपाचा विमानतळ आहे, तिथे निदान तपासणीची खिडकी तरी आहे. या ट्रकला तीही नाही.

आणि विमानतळांचं म्हणाल, तर मुंबई, चेन्नई, बंगळुरूला बँकॉकहून येणाऱ्या सामानातून परदेशी साप, सरडे, कासवं सापडल्याच्या बातम्या आता नव्या राहिल्या नाहीत. सगळ्यांत जास्त मागणी बॉल पायथनला. पश्चिम आफ्रिकेतला हा लहानसा अजगर, घाबरला की चेंडूसारखा गोळा होतो. पिवळे, पांढरे, केशरी, पैदास करून काढलेले नाना रंग. हातात घेऊन फोटो काढायला सोयीचा. हा तीस वर्षं जगू शकतो, हे विकणारा सांगत नाही. घेणारा मुलगा अठराचा असतो. चार वर्षांनी तो पोर्तुगालचा पासपोर्ट काढून परदेशी जातो. साप आईच्या गळ्यात. आई म्हणते, नेऊन सोड कुठेतरी. बॉल पायथन मूळ मुलखात राहतो कुठे? उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत. आणि वारुळाला आपण सातेरी देवी म्हणून पुजतो, त्यामुळे गावोगाव वारुळं राखलेली आहेत. याहून चांगली सोय कुठली?

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भर देशी जनावरांवर होता, परदेशी साप पाळणाऱ्याला विचारणारं कोणी नव्हतं. २०२० साली केंद्राने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने नोंदवायला सांगितली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि आंतरराष्ट्रीय व्यापार करारातल्या, म्हणजे साइट्सच्या यादीतल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली. तिचे नियम २०२४ मध्ये आले. बॉल पायथन त्या यादीत आहे. पण यात एक फट आहे. ती यादी बनते व्यापारामुळे कोण धोक्यात आहे ते बघून. कोणामुळे दुसरे धोक्यात येतील, हे बघून नाही. पाळला जाणारा अमेरिकन कॉर्न स्नेक तिच्यात नाही. ग्रान कनारियाची वाट लावणारा किंगस्नेकही नाही. त्याच २०२२ च्या दुरुस्तीत आक्रमक परक्या जातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर बंदी घालण्याचा अधिकार केंद्राला दिलेला आहे. माझं मत विचाराल तर तो अधिकार साप शिरण्याआधी वापरायचा असतो.

आता मी ज्यासाठी आलो ते. आपल्या मनात सोडणं हे पुण्य आहे. पिंजऱ्यातला पोपट सोडला, टाकीतलं कासव तळ्यात सोडलं, साप रानात सोडला, जीव वाचवला. भावना खोटी नाही. पण मी सांगितलेल्या गोष्टींत मारणाऱ्याने नुकसान केलं असं एकही उदाहरण नाही. सोडणाऱ्याने किंवा नकळत सुटू देणाऱ्याने केलं. परका साप म्हादईच्या रानात सोडणारा माणूस एक जीव वाचवत असतो आणि किती जिवांवर सोडत असतो ते त्याला दिसत नाही. आपला बेडूक, पाल, सरडा, चापडा, रातवा, जमिनीवर अंडी घालणारं जे जे आहे ते सगळं त्या सोडण्याच्या वाटेत येतं.

हे देशी सापालाही थोडंफार लागू आहे. फोंड्यात पकडलेला नागराज दूर खोतीगावच्या अभयारण्यात नेऊन सोडला की आपल्याला वाटतं घरी पोचवला. कर्नाटकात आगुंबेच्या बाजूला नागराजांना ट्रान्समीटर लावून अभ्यास झाला, त्यात मूळ जागेपासून दूर सोडलेला नागराज न हलवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त भटकत राहिलेला दिसला. जवळात जवळच्या योग्य जागी सोडा, हे सर्पमित्रांना मी पुन्हा पुन्हा सांगतो. काहींना राग येतो. येऊ दे.

मुंगसं आणा म्हणणाऱ्यांसाठी एक वाक्य. जपानच्या अमामी बेटावर १९७९ साली हाबू या विषारी सापासाठी तीसेक मुंगसं सोडली. मुंगूस दिवसा फिरतो, हाबू रात्री. मुंगसांनी तिथले दुर्मीळ ससे खाल्ले, आणि मुंगसं संपली हे जाहीर करायला २०२४ साल उजाडावं लागलं.

शेवटी मागून एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. त्यांनी विचारलं, असा परका साप आमच्या भाटात, म्हणजे बागायतीत, दिसला तर ओळखायचा कसा, आणि मारायचा का?

मारू नका. कारण तुम्ही बहुतेक चुकाल. आपल्याकडे घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलणारे आहेत आणि अजगराच्या पिल्लाला घोणस समजून काठी घालणारेही. बॉल पायथनच्या अंगावरचे डाग बघून उद्या दोन्ही चुका होतील. लांबून फोटो काढा, डोकं आणि पाठ दोन्ही येतील असा, आणि वनखात्याला कळवा. कोणाला साप चावला तर ओळख पटवत बसू नका, थेट इस्पितळात न्या. आपली प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, परक्या विषारी सापावर तिचा भरवसा नाही. ज्यांच्या घरी आधीच परदेशी साप आहे त्यांनी केंद्राच्या परिवेश या पोर्टलवरची नोंदणी तपासून घ्यावी, आणि सांभाळणं जमेनासं झालं तर साप पेटीत ठेवून वनखात्याशी बोलावं. आणि ताई, साप पकडायला कोणी आला तर त्याला विचारा, हा तू कुठे सोडणार? जागेचं नाव सांगितलं तर ठीक. नुसतं ‘रानात’ म्हणाला, तर तो निघायच्या आत वनखात्याला फोन लावा.